जटाईचा कौल

"हिरवी झाली! हिरवी झाली की गं बया!"

शेडमधून आरोळी उठली आणि बाहेर रांगेत उभ्या असलेल्या बायकांचे हात आपोआप जोडले गेले. कुणी डोळ्याला पदर लावला, कुणी कानशिलावर बोटं मोडली. मागचे पुढच्यांच्या खांद्यावरून माना उंचावत होते. "खरंच झाली का?" "व्हय, डोळ्यांनी बघितली की!" असा सगळा गलका. उपनगरातल्या एका बंगल्याची गाडी लावायची ती शेड. गाडी उन्हात आणि देवी सावलीत.

मीही त्या गर्दीत होते. हौसेनं नव्हते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या अक्षतानं माझा हात धरून आणलं होतं. "काकू, तुम्हाला झाडातलं कळतंय. तुम्ही एकदा बघा. खोटं असलं तर मी परत येणार न्हाई," असं ती म्हणाली होती. तिच्या दुसऱ्या हाताला तिची मुलगी प्रीती होती, चौथीतली, काडीसारखी बारीक.

आत छताच्या हुकाला पितळी साखळी आणि साखळीला टांगलेलं एक झाड. कुंडी नाही, माती नाही, काही नाही. वर पट्ट्यांसारखी पानं, जांभळ्या फुलांचा एक तुरा, पानांच्या मधोमध बसवलेला देवीचा मुखवटा आणि त्याखाली हातभर लोंबणाऱ्या पांढुरक्या मुळ्या. लोक तिला जटाई म्हणत होते. आमच्या भागात बाईच्या केसांत गुंता झाला तरी तो विंचरायच्या आधी हळदकुंकू वाहणारी माणसं आहेत. जट म्हणजे देवी अंगावर आली, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. मुखवट्याखाली अशा जटा लोंबताना दिसल्यावर कुणाला काही विचारायचं सुचेल होय? त्या माणसानं आमची नस बरोबर पकडली होती.

तो माणूस म्हणजे जटाआण्णा. भगवा सदरा, गळ्यात कवड्यांची माळ, मनगटावर भलंमोठं घड्याळ. आवाज मात्र जत्रेत भांडी विकणाऱ्याचा.

"ही आई माती खात न्हाई! ही आई अन्न खात न्हाई! मग काय खाती? भक्ताची पीडा खाती! अमेरिकेतलं शास्त्रज्ञ आलं, मशीन लावलं, मशीन बंद पडलं! कॉस्मिक पावर हाय ही! पांढरी जट हिरवी झाली की समजायचं, पीडा आईनं वडून घेतली. बोला जटाईच्या नावानं..."

"चांगभलं!"

मला एका नजरेत कळलं. ते वांडा जातीचं ऑर्किड होतं, आपण मराठीत आमरी म्हणतो ती. माझ्या गॅलरीत अशीच टांगलेली आहेत. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यापासून मला दुसरा उद्योग नाही. जंगलात ही झाडं दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर राहतात, म्हणून त्यांना माती लागत नाही. पण पाणी लागतं, आणि ते पितात ह्या लोंबत्या मुळ्यांनी.

प्रीतीचा नंबर आला. आण्णानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले, एक मुळी बोटांत धरून जरा दाबली आणि तांब्यातलं तीर्थ तिच्यावर शिंपडलं. बघता बघता पांढरी मुळी हिरवीगार झाली. अगदी डोळ्यांसमोर. मी रोज सकाळी बघते तरी मला ते बघायला आवडतं. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या अंगावर काटा येणारच.

"आईनं साखर घेतली!" आण्णा गरजला. "आजपासनं सुई बंद! सुई टोचली तर आईच्या अंगाला टोचंल. कळलं का?"

माझं डोकं सटकलं. "अहो, पाणी पडलं की होतंच ते! माझ्या घरी रोज होतं. पोरीची सुई कसली बंद करताय?"

सगळी शेड माझ्याकडं वळली. "ओ बाई, भायेर व्हा." "देवीच्या दारात असलं बोलत्यात व्हय?" कुणीतरी दंडाला धरून मला बाहेर काढलं. अक्षता खाली मान घालून उभी होती.

आता प्रीतीचं सांगते. तिला लहान मुलांना होतो तो मधुमेह आहे. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ते बाहेरून द्यावं लागतं, रोज, प्रत्येक जेवणाआधी. गोळी नाही, काढा नाही, पथ्यावर भागत नाही. दिलं नाही तर पोर काही दिवसांत जाते. इतकं सरळ आहे. पण हे सरळ वाक्य रोज जगायचं अक्षताला होतं. शाळेत जाऊन सुई द्यायची, वाढदिवसाच्या केकवरून पोरीला ओढून आणायचं, बोटं टोचून टोचून काळी पडलेली बघायची. नवरा संग्राम कागलला कारखान्यात, पाळ्या करून दमून यायचा. आणि सासू अंबूबाई. ती गडहिंग्लजकडची, मनानं वाईट नाही, पण दिवसातून एकदा तरी म्हणायचीच, "पोरीची चाळण केलीसा. उद्या हिला करून कोण घेणार?"

अशा घरात कुणी येऊन म्हणालं, सुई बंद, तर ते खोटं वाटायला हवं असं आपण म्हणतो. मला विचाराल तर त्या बाईला ते खरं वाटायलाच हवं होतं. म्हणून मला अक्षताचा राग आला नाही. आण्णाचा आला, तो अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला वर बोलावून घेतलं. गॅलरीत नेलं. तिथं वांडा नुसत्या टांगलेल्या, बाकीच्या आमऱ्या कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या घातलेल्या टोपल्यांत. मला लोक विचारतात, आमरीला पाणी किती घालायचं? मी म्हणते, पान बघू नका, मुळी बघा. पांढरी दिसली की तिला तहान लागली आहे, हिरवी दिसली की पोट भरलेलं आहे, तेव्हा गप्प बसा. लाडानं पाणी घालून घालून मारलेल्या आमऱ्याच जास्त.

फवाऱ्याची बाटली अक्षताच्या हातात दिली. "मार फवारा."

तिनं मारला. मुळी हिरवी झाली.

"बघितलंस? मुळीवर स्पंजासारखं पांढरं आवरण असतं. कोरडं असताना त्यात हवा असते, म्हणून पांढरं दिसतं. पाणी शिरलं की ते काचेसारखं होतं आणि आतला हिरवा रंग दिसतो. ओल्या बनियनमधून अंग दिसतं ना, तसं. एवढंच आहे."

तिनं शेजारच्या मुळीवरही फवारा मारून बघितला. मला वाटलं, पटलं. मग म्हणाली, "काकू, तुमच्या गॅलरीत देव येत न्हाई, तिथं येतोय. झाड एकच असंल. आणि तुम्ही लोक देव मानत न्हाईसा, तुम्हाला कसं पटंल?"

तुम्ही लोक. आम्ही बौद्ध, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आठ-दहा वर्षं एका जिन्यानं चढतोय उतरतोय, माझ्या हातची भाकरी तिनं कितीदा खाल्ली, पण हे दोन शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. फार लागलं. मी फवाऱ्याची बाटली तिच्या हातातून घेतली आणि म्हणाले, "बरं. मला मानू नकोस. डॉक्टरला मान."

ती उतरून गेली. संध्याकाळी संग्रामला जिन्यात गाठलं. तो म्हणाला, "मॅडम, मला बी पटत न्हाई. पण घरात मी एकटा पडतोय. बघू की चार दिवस." चार दिवस! पोरीला चार दिवस श्वासाशिवाय ठेवशील का, असं विचारलं तर चिडून निघून गेला.

नंतर कळलं, अक्षतानं सुरुवातीला सासूची नजर चुकवून बाथरूममध्ये नेऊन सुई दिली होती. म्हणजे तिच्याही मनात पाल चुकचुकत होती. अंबूबाईला ते समजलं आणि तिनं फ्रिजमधली औषधं काढून बाहेर कचऱ्याच्या डब्यात टाकली.

मग प्रीती माझ्याकडं येऊन पाणी मागायला लागली. "काकू, घरात सारखं पाणी प्यालं की आज्जी वराडतीया." एक तांब्या पिऊन दुसरा मागायची. मी तिला पाणी दिलं आणि खाली जाऊन दार वाजवलं. दार उघडलं नाही. ओरडून सांगितलं, "अगं, साखर वाढल्याचं लक्षण आहे हे! दवाखान्यात ने तिला!" आतून टीव्हीचा आवाज मोठा झाला.

आणि शुक्रवारी सकाळी अक्षता स्वतःच वर धावत आली. पायात चप्पल नाही. "काकू, चला हो, प्रीती कसंतरी कराय लागलीया."

पोरगी गादीवर पडलेली, उलट्या झालेल्या, छाती भात्यासारखी हलत होती. श्वासाला पिकून उतरलेल्या फळाचा वास. हाक मारली तर डोळे उघडायची आणि परत मिटायची. मी संग्रामला म्हणाले, "उचल." त्यानं उचललं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न विचारला. "इन्सुलिन कधी बंद केलं?" मीच सांगितलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच बंद केलं होतं.

प्रीतीला आत घेतलं, सलाईन लागलं, इन्सुलिन सुरू झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त आंबलंय, पुढचा दिवसभर काही सांगता येत नाही. आणि तिथंच, बाहेरच्या बाकावर बसून, अंबूबाईनं डोळे पुसत सांगितलं, "पोरीला परत सुई टोचली म्हणून जटाईचा कोप झालाय. तिला घरला न्या. आण्णांच्या पायाशी घाला."

"आई, गप बस," संग्राम म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

"मी जाऊन कौल लावून येतो. आई म्हणली दवाखान्यात ठिवा, तर ठिवा. नको म्हणली, तर सही कर आणि घेऊन चल. माझी शपथ हाय तुला," अंबूबाई म्हणाली.

संग्रामनं भिंतीला डोकं टेकलं आणि म्हणाला, "जा. फोन कर."

लेकीचा जीव सलाईनच्या नळीवर, आणि बाप कौलाची वाट बघणार! मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. पण शपथ घातलेल्या मुलाला मारून काय उपयोग? मी दवाखान्याच्या नळावर पाण्याची बाटली भरली आणि अंबूबाईच्या मागोमाग रिक्षात बसले. तिनं नको म्हटलं नाही. एकटीनं जायला तीही भीत असावी.

शेडमध्ये तीच गर्दी. अंबूबाईचं रडणं बघून लोकांनी वाट करून दिली. तिनं हात जोडून विचारलं, "आण्णा, नातीला दवाखान्यात ठिवू का घरला आणू?"

आण्णानं माझ्याकडं एक तिरका कटाक्ष टाकला. पोरगी दवाखान्यात राहिली आणि बरी झाली, तर श्रेय सुईला जाणार होतं. त्याला ते परवडणारं नव्हतं. "हिरवी झाली तर दवाखाना. पांढरी ऱ्हायली तर आईच्या पायाशी आणायची," तो म्हणाला आणि मुळ्या चाचपायला लागला. एक, दुसरी, तिसरी. कडेची एक सुरकुतलेली, मळकट मुळी त्यानं धरली. मी ओळखलं. ती मेलेली होती.

तीर्थ पडलं. मुळी ओली झाली, पण तशीच राहिली.

"आई नको म्हणती," आण्णा म्हणाला. अंबूबाईनं फोनसाठी कमरेची पिशवी चाचपली.

"थांबा!" मी तिचा हात धरला. "अंबूबाई, तुमचा जटाईवर विश्वास आहे ना? मग अजून एक प्रश्न विचारा. तुमच्या हातानं."

"तसं चालत न्हाई," आण्णा म्हणाला. "साधना लागती त्याला. आणि ही बाई कोण, कुठली? हिला हितनं आधी भायेर काढा."

"मी हात लावत नाही तुमच्या आईला. ह्या लावतील. का, आईला भक्ताचा हात चालत नाही?"

"इचारू दे की म्हातारीला," मागून एक माणूस म्हणाला. "व्हय, इचारू दे की. नात दवाखान्यात हाय तिची," दुसरी बाई म्हणाली. गर्दीचं असं असतं, ज्या गर्दीनं मला बाहेर काढलं होतं तीच आता आण्णाला बाजूला सरकवत होती.

मी अंबूबाईच्या हातात बाटली दिली. "मधली ती जाड मुळी धरा. दाबून बघा. टणक आहे? आता पाणी टाका. प्रश्न मी विचारते." आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "आई, ह्या माणसानं आम्हाला फसवलं असेल, तर हिरवी हो!"

मुळी हिरवीगार झाली.

मागचे माना उंचावून बघायला लागले. मग कुणीतरी फसकन हसलं, आणि हसू पसरलं. आण्णा "पाण्यात काय तरी घातलंय!" म्हणून ओरडायला लागला. मी जिंकले असं मला वाटलं. खरं सांगते, फार बरं वाटलं.

पण अंबूबाई हसत नव्हती. मी अडवायच्या आत तिनं दुसरी मुळी धरली, तिच्यावर पाणी ओतलं आणि विचारलं, "पोरीची औषधं मी टाकली गं आई. मीच तिला मारलं का?"

ती मुळीही हिरवी झाली.

म्हातारी जागेवर बसली. माझं हसू जिथल्या तिथं विरलं. आण्णाची फजिती करायच्या नादात मी त्या झाडाला आणखी एकदा देवी केलं होतं, आणि त्याचा वार ह्या बाईवर बसला होता. मी तिच्याशेजारी खाली बसले.

"अंबूबाई, इकडं बघा. त्या झाडाला काही कळत नाही. तुमचं नाही, माझं नाही, आण्णाचं नाही."

"मग आत्ता हिरवी झाली ती?"

"पाणी पडलं म्हणून. उठा. आता तिसरी मुळी धरा आणि काहीच विचारू नका. मनातसुद्धा काही आणू नका. नुसतं पाणी टाका."

तिनं पाणी टाकलं. मुळी हिरवी झाली. कुणी काही विचारलं नव्हतं.

"आता ती कडेची दाबा, जिनं तुम्हाला नाही म्हटलं."

तिनं दाबली. आतून पोकळ, शेंगेच्या टरफलासारखी चपटी झाली, साल निघून हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला. "मेल्याली हाय ही," अंबूबाई हळूच म्हणाली.

"मेलेली मुळी कधीच हिरवी होत नाही. जिवंत मुळी नेहमी होते. ह्याला हो म्हणायचं असेल तर हा जिवंत धरतो, नाही म्हणायचं असेल तर मेलेली. म्हणून आधी चाचपतो."

आणि मी उठून आण्णाच्या पाठीमागं लावलेला लाल पडदा ओढला. आई मधूनमधून 'विश्रांतीला' जाते असं लोक सांगायचे, ती जायची इथं. तारेवर अशाच कितीतरी वांडा टांगलेल्या, काहींच्या मुळ्या अजून हिरव्या, काहींच्या अर्ध्या पांढऱ्या, आणि समोर एक टेबलफॅन गरागरा फिरत होता. ओली मुळी वाळवून परत पांढरी करायला. मुखवटे एका बादलीत उपडे पडले होते.

लोक आत घुसले. आण्णा मागच्या फाटकानं निघून गेला. अंबूबाईनं फोन लावला. "संग्राम, सही करू नगंस. डाक्टर सांगत्यात तसं कर. व्हय, मीच बोलतोय. कौल बिऊल काय न्हाई."

मी बाहेर पडत होते, तेवढ्यात एका बाईनं माझा पदर धरला. कडेवर फिट येणारं पोर. "काकू, तुमच्या पाण्यानं लगीच हिरवी झाली बगा. आमच्या पोराचं बी इचारा की."

मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. एवढं सगळं डोळ्यांनी बघून! मी तिच्यावर ओरडणार होते, पण तिच्या तोंडाकडं बघितलं आणि ओरडता आलं नाही. तिला झाड नको होतं, आण्णाही नको होता. पोर बरं होईल, असं कुणीतरी ठामपणे सांगायला हवं होतं. मी तिला तसं सांगू शकत नव्हते. कुठल्या डॉक्टरकडं जायचं ते सांगितलं, पोराच्या गोळ्या चालू ठेव म्हणून बजावलं. ती गेली की नाही, मला माहीत नाही.

दवाखान्यात अक्षतानं माझे दोन्ही हात धरले. "काकू, खरं सांगा. वाचंल न्हवं?"

"मला माहीत नाही, अक्षता." इतकं जड वाक्य मी आयुष्यात बोलले नाही. "डॉक्टर प्रयत्न करताहेत. आपण इथं बसू." ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि 'तुम्ही लोक'चं जे काही माझ्या मनात उरलं होतं, ते तिथंच गेलं.

प्रीती वाचली. पण मेंदूला सूज आली होती. डावा हात अजून नीट उचलत नाही, पकडही सैल आहे. वही धरली तर घसरते. डॉक्टरीणबाई म्हणतात, व्यायामानं सुधारेल, किती ते सांगता येत नाही. संग्रामनं पोलिसांत तक्रार दिली, जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. आण्णाला जामीन मिळाला. मलकापूरकडं कुठंतरी नवा मांडव पडलाय, असं ऐकते.

परवा प्रीतीनं अंबूबाईसमोरच मला विचारलं, "काकू, माझी सुई कधी बंद हुणार?" म्हातारीनं मान फिरवली. मी म्हणाले, "आजच्या औषधांनी तरी बंद होणार नाही, बाळ. उद्या नवं काही निघालं, तर डॉक्टर सांगतील." ती रुसली, रडली, आणि मग जेवायच्या आधी स्वतःच पोट पुढं केलं. सुई अंबूबाईनं दिली.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या गावात उद्या कुणी झाड, दगड, पाणी, काहीही घेऊन बसला, तर त्याच्याशी भांडू नका. पाणी तुमचं न्या. मुळी तुम्ही निवडा. प्रश्न न विचारता शिंपडा आणि काय होतं ते बघा. तो करू देत नसेल, तर तेवढ्यावरून समजा. आणि हे सगळं होईपर्यंत, त्याच्या आधी, त्याच्या नंतर, पोराचं औषध एक वेळही चुकवू नका. आम्ही चुकवलं. प्रीती आता उजव्या हातानं डावा हात उचलून टेबलावर ठेवते, आणि मग गृहपाठ करायला बसते.